लाडक्या हाकेवरून मूळ नाव कसे ओळखावे

घरात रूढ झालेल्या लाडक्या नावाचा उगम शोधताना प्रथम त्याचा शेवट वेगळा काढावा, कारण मराठीत अशा नावाचा आरंभ बहुधा मूळ नावातून येतो आणि शेवट हाक मारणाऱ्याचे नाते सांगतो. दत्तात्रेयाचा दत्तू किंवा शकुंतलेची शकू होते, तेव्हा 'ऊ' निव्वळ मायेचा असतो. 'या' आणि 'ई' यांत बरोबरीची अथवा वडीलकीची सलगी असते. मित्राने मारलेली 'गण्या' ही हाक परक्याच्या तोंडी मात्र अपमान ठरते. 'बा' आणि 'ओबा' यांत प्रेमाला आदराची जोड मिळते, जसे विनायकाचे विनोबा.

वारकरी परंपरेत हा भेद फार सुंदर दिसतो. अभंगाच्या अखेरीस तुकाराम स्वतःला 'तुका' म्हणवतात, नामदेव 'नामा' म्हणवतात आणि जनाबाई 'नामयाची दासी जनी' होतात. देवापुढे आपले नाव असे लहान करणाऱ्या तुकारामांना भक्तांनी मात्र तुकोबा केले. विठ्ठलाला विठू आणि विठोबा ही दोन्ही नावे शोभतात.

शेवट काढल्यावर उरलेला भाग मूळ नावाशी ताडून पाहावा. येथे जोडाक्षरे सुटी होतात, हे ध्यानात ठेवावे. प्रकाशमधील पहिला 'र' गळतो, पुढचा 'क' घेऊन त्याला 'या' लागतो आणि पक्या तयार होतो. प्रशांतचा पश्या याच रीतीने होतो.

तरीही एका हाकेमागे अनेक नावे असू शकतात. सुमी ही सुमन, सुमती किंवा सुमित्रा असेल, तर चंदू हा चंद्रकांत किंवा चंद्रशेखर. अशा वेळी घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे आणि शाळा सोडल्याचा दाखला पाहावा. जन्मपत्रिकेवर विसंबू नये, कारण तीत नक्षत्राच्या चरणाक्षरावरून आलेले वेगळेच नाव असू शकते.

बापू, नाना, तात्या, अण्णा ही नावे बहुधा मूळ नावातून निघत नाहीत. ती घरातील स्थानावरून पडतात, म्हणून त्यांत मूळ नावाची अक्षरे शोधू नयेत. 'बाळ' हे बाळकृष्णाचे लघुरूप असू शकते, पण नुसते लाडाचे संबोधनही असते: लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव होते, आणि घरातले 'बाळ' हेच पुढे सर्वत्र रूढ झाले.