मुलाला थेट कसं विचारायचं

दसरा झाला की आमच्या बीड जिल्ह्यातल्या शाळेचे वर्ग रिकामे व्हायला लागतात. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. काही मुलं त्यांच्यासोबत जातात, काही आजीपाशी राहतात. मागे राहिलेल्या मुलांना मी २२ वर्षं शिकवते आहे. अशा मुलाच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का, हे कसं विचारायचं, ते त्यांच्या अवतीभवती असलेल्या मोठ्या माणसांसाठी लिहिते.

आधी त्या पोराच्या डोक्यावर किती ओझी आहेत ते बघा. नुसता बाप पितो, एवढंच असेल तर पुष्कळ पोरं सावरतात. पण बाप पितो, आईला मारतो, ऊसतोडीच्या मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटलेली नाही, त्यात बहिणीचं लग्न पंधराव्या वर्षीच उरकलंय, अशी एकावर एक ओझी चढली की पोर वाकतं. अमेरिकेत १९९८ साली हजारो प्रौढांच्या बालपणाचा असा अभ्यास झाला होता. मारहाण, घरातलं व्यसन, अत्याचार अशा चार किंवा अधिक प्रकारच्या गोष्टी सोसलेल्यांमध्ये नैराश्य, व्यसन आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका चार ते बारा पट निघाला. म्हणून 'आमच्या वेळी आम्हीही सोसलं' हे वाक्य त्याच्यासमोर काढू नका.

बदल डोळ्यांत तेल घालून बघा. मुलगी गप्प झाली तर लक्षात येतं, मुलगा चिडायला लागला की आपण 'माजलाय' म्हणून सोडून देतो. माझ्या नववीतल्या एका मुलाने कंपासपेटी आणि आवडते बूट मित्रांना देऊन टाकले. ही धोक्याची खूण, म्हणून कळलं त्याच दिवशी मी त्याला गाठलं.

ऑफिसात बोलावू नका. मी त्याच्या हाती वह्यांचा गठ्ठा दिला आणि शेजारी चालत राहिले. आधी दिसलं ते सांगितलं: "बूट दिलेस, डबा तसाच परत नेतोस." मग विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का रे?" अगदी याच शब्दांत विचारा. विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो ही भीती खोटी आहे. त्याच्या आधी एकदा दुसऱ्या एका मुलाला मी म्हटलं होतं, "असलं वेडंवाकडं मनात आणत नाहीस ना?" त्याने नाही म्हणून मान हलवली आणि नंतर वर्षभर माझ्याशी बोलला नाही. ते मला अजून लागतं.

तो 'हो' म्हणाला तर आईची शपथ घालू नका, उपदेश करू नका. ऐका. "काही ठरवलं आहेस का?" हेही विचारा. ठरवलं असेल तर त्याला एकटं सोडू नका. कुणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. म्हणा, "गावभर होऊ देणार नाही, पण कुणाला सांगायचं ते आपण दोघं ठरवू." या मुलाने मामाचं नाव घेतलं. "आईला फोनवर नको, आली की मीच सांगतो," म्हणाला. घरातलंच माणूस छळत असेल तर मात्र त्या माणसाला न सांगता १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

त्याच संध्याकाळी मामाकरवी फवारणीचं औषध आणि आजीच्या गोळ्या कुलपात ठेवून घेतल्या, किल्ली मामाकडे. ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे. जीव द्यावासा वाटण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते, मधे अडथळा आला तर जीव वाचतो.

टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, रात्रंदिवस चालू असतो, मराठीत बोलता येतं. जीवावर बेतलं असेल तर ११२. पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा सांगतो, जीव द्यायचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं मानायचं, शिक्षा करायची नाही. मामा त्याला जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या ओपीडीत घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी परत विचारा. तिसऱ्या दिवशीही. मी त्याला रोज सकाळी हजेरीपट आणायला पाठवायचे, म्हणजे दोन मिनिटं मिळायची: झोपलास का, जेवलास का. एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे ऊसतोडीचा हंगाम संपला, आणि आई परत आली. आम्ही तिघं वर्गात बसलो. बोलायला सुरुवात त्यानेच केली.