वादळात ज्याचं छप्पर टिकलं, त्याच्या मिस्त्रीला हाक मारा

वैशाखातल्या एखाद्या दुपारी आभाळ काळवंडतं, वावटळ उठते आणि दहा-पंधरा मिनिटांत गावातली टिनं दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडतात. आमच्या विदर्भात उन्हाळ्याच्या शेवटी हे ठरलेलंच. मृग तोंडावर आलेला, घरात बियाणं-खतांची पोती, वर उघडं आभाळ. अशा वेळी दुसऱ्याच दिवशी गावात टेम्पो शिरतो. "आजच्या आज टाकून देतो ना भाऊ, फक्त इसार द्या," म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो.

आम्हीही फसलो. तालुक्याहून आलेल्या एका ठेकेदाराने दीड दिवसात घर-गोठा झाकून दिला. आम्ही त्याला पाहुण्यासारखं जेवू घातलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्याच वादळात ते छप्पर वळचणीकडून सोलत गेलं. खाली पडलेले पत्रे पाहिले, तर कडेला तीन-तीन नाल्या (पत्र्यावरचे खोलगट पन्हाळ) सोडून एकेक स्क्रू मारलेला. त्याचा फोन त्या दिवशीही लागला नाही, नंतरही नाही.

आधी पंचनामा

पडझडीला हात लावण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा, तारीख आणि ठिकाण दिसेल असे. एका फोटोत घराचा दर्शनी भाग येऊ द्या. तलाठ्यांना (पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, गावात ते तलाठीसाहेबच आहेत) आणि ग्रामसेवकांना त्याच दिवशी कळवा, लेखी अर्जाची पोच ठेवा. पंचनामा होईस्तोवर वाकलेले पत्रे भंगारात देऊ नका. ताडपत्री मात्र लगेच बांधा. धान्य भिजवून पंचनाम्याची वाट पाहायला कोणी सांगितलेलं नाही.

मदतीकडून फार आशा ठेवू नका. २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती मदतीच्या केंद्रीय निकषांत अंशतः पडलेल्या पक्क्या घराला ६,५०० रुपये आणि कच्च्या घराला ४,००० रुपये धरले होते, तेही किमान १५ टक्के नुकसान असेल तर. एवढ्यात छप्पर होत नाही. पण "पंचनामा मी करून आणतो, निम्मे माझे," असं म्हणणारा ठेकेदार भेटला, तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा. पंचनामा फुकट होतो आणि पैसे तुमच्या बँक खात्यात येतात. त्यात ठेकेदाराचं काही काम नाही.

सर्व्हिस वायर तुटून टिनावर पडली असेल, तर लाइनमन येईपर्यंत कोणीही वर चढायचं नाही, ठेकेदाराची माणसंसुद्धा नाहीत.

मग गावातून एक चक्कर

चांगला माणूस शोधायला फोन फिरवू नका, चपला घाला. परीक्षा वादळानेच घेऊन ठेवली आहे. एकाच गल्लीत एकाचं छप्पर उडालं आणि शेजाऱ्याचं जागच्या जागी राहिलं, असं दिसेलच. आडोसा, झाडं, घराची दिशा यानेही फरक पडतो. म्हणून उघड्यावरचं, गावकुसाबाहेरचं, तरीही टिकलेलं घर शोधा. त्या घरच्या काकांना विचारा, काम कोणी केलं, किती वर्षं झाली, पहिल्या पावसात गळलं का, आणि गळलं तेव्हा तो परत आला का. शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोठा. गळती थोडीफार कोणाच्याही हातून राहते, पण शिडी घेऊन पुन्हा येणारा माणूस दुर्मीळ.

असं फिरलात की पंचक्रोशीतल्या दोन-तीन वेल्डिंगवाल्यांची किंवा मिस्त्र्यांची नावं हाती येतील. बाजाराच्या दिवशी त्यांच्या दुकानावर जा. ज्याचं दुकान तुमच्या बाजाराच्या रस्त्यावर आहे, त्याला तुमचं तोंड दर आठवड्याला पाहावं लागतं. बाहेरगावचा सगळाच लबाड असं नाही, पण त्यानेही जवळपास केलेलं एखादं जुनं काम दाखवलं पाहिजे.

त्याला काय विचारायचं

"किती घ्याल?" हा प्रश्न शेवटी. आधी विचारा, "कडेला स्क्रू कसे मारणार?" पत्रा दाबानेच तुटतो अशी आपली समजूत. खरं तर वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो, आणि उघड्या दारातून किंवा ओसरीतून शिरलेली हवा खालून ढकलते. ही ओढ वळचणीला, कोपऱ्यांत आणि आढ्याजवळ सर्वाधिक असते. बांधकामाच्या भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर धरलेला आहे. जाणता मिस्त्री कडेला स्क्रू दाट देतो, म्हणजे प्रत्येक किंवा फार तर एकाआड एक उंचवट्यावर, आणि मधल्या पाइपांवर (पत्रे ज्यावर बसतात त्या आडव्या लोखंडी पाइपांवर) थोडे विरळ. "सगळीकडे सारखेच मारतो," म्हणणाऱ्याला अजून एकदा विचारून पाहा. रबरी वायसरशिवाय स्क्रू नको. नालीत मारलेला स्क्रू तर पाण्याला आमंत्रणच.

दुसरा प्रश्न, "पाइप भिंतीला कसा धरणार?" हा फार कमी लोक विचारतात. टिन पाइपाला घट्ट आणि पाइप मात्र भिंतीवर दोन विटांखाली दाबलेला असेल, तर सांगाड्यासकट सगळं उडतं. मी असा पूर्ण सांगाडा बाभळीवर अडकलेला पाहिला आहे. भिंत विटा-मातीची असेल, तर वर काँक्रीटचा पट्टा घालून त्यात सळई सोडतो, की बाजूने खांब उभे करतो, हे त्याने स्वतःहून सांगितलं पाहिजे. "वरून दगड ठेवू ना बाप्पा," हे उत्तर नाही. वादळात तो दगडच आधी खाली येतो.

वळचण दीड फुटाच्या आत ठेवायला सांगा. सावलीसाठी चार फूट बाहेर काढलेला पत्रा वाऱ्याला धरायला मूठ देतो. आढा पूर्व-पश्चिम असेल, तर पत्रे पूर्वेकडून टाकत पश्चिमेकडे यायचं. म्हणजे जोडाचं तोंड पावसाळी वाऱ्याकडे उघडं राहत नाही.

जुने सिमेंटचे पत्रे काढायचे असतील, तर ते ॲस्बेस्टॉसचे असू शकतात. ते ओले करून अख्खे उतरवा, ग्राइंडर लावू देऊ नका. ती धूळ फुप्फुसाला घातक असते. कवेलूच, म्हणजे मातीची कौलं, पुन्हा घालायची इच्छा असेल तर जरूर घाला, उन्हाळ्यात त्याखालची झोप टिनाखाली येत नाही. पण माकडांचा बंदोबस्त कोणताच ठेकेदार लिहून देणार नाही.

पत्रा कापसाच्या काट्यावर

सर्वांत जास्त फसवणूक जाडीत होते. ०.५० मिलिमीटरचे पैसे घेऊन ०.४०चा पत्रा टाकला, तर डोळ्यांना कळत नाही. वजनाला मात्र कळतं. लोखंडाचा हिशेब सरळ आहे: एक मिलिमीटर जाडीच्या एका चौरस मीटरचं वजन ७.८५ किलो. रंगीत पत्रा बहुधा १,२२० मिलिमीटर रुंद सपाट पट्टीतून घडवतात. त्या पट्टीतला १२ फुटांचा पत्रा ०.५० जाडीचा असेल तर साडेसतरा किलोच्या आसपास भरतो, ०.४० असेल तर चौदा, ०.३५ असेल तर जेमतेम सव्वाबारा. घरी कापूस मोजायचा काटा असतोच, त्यावर दोन पत्रे चढवा. दुकानदार हसेल, हसू द्या.

माझं मत विचाराल, तर पत्रे, पाइप आणि स्क्रू स्वतः घ्या, जाडी लिहिलेलं पक्कं बिल घ्या, आणि मिस्त्रीला फक्त मजुरी द्या. चार हेलपाटे जास्त होतात, पण माल कोणाचा आणि चूक कोणाची, हा वाद उरत नाही.

कागद आणि पैसा

भाव तीन जणांकडून घ्या आणि तिघांनाही एकच माप द्या: किती चौरस फूट, कोणती जाडी, किती पाइप. नाहीतर एकाचा भाव आंब्याचा, दुसऱ्याचा कैरीचा. सगळ्यांत स्वस्त भावात काय गाळलंय ते विचारा, बहुधा आढ्यावरची टोपी किंवा जुनं उतरवण्याची मजुरी.

ठरलेलं साध्या कागदावर लिहा, दोघांच्या सह्या आणि एक साक्षीदार. ओळखीचा मिस्त्री "आपसात काय लिहायचं?" म्हणेल. तेव्हा घरातल्या विसराळू बायकोकडे किंवा नवऱ्याकडे बोट दाखवा आणि लिहूनच घ्या. मजुरीचा चौथा भाग आधी, निम्मा सांगाडा उभा राहिल्यावर, बाकी काम झाल्यावर. शक्यतो फोनवरून पाठवा, म्हणजे नोंद राहते. त्यातूनही कोणी पैसे घेऊन पळाला, तर ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रारीचं शुल्कही लागत नाही.

काम चालू असताना घरचं एक माणूस खाली उभं राहू द्या, निदान कडेचे स्क्रू मारताना तरी. शेवटचे दोन-तीन हजार हातात ठेवा आणि तसं आधीच कागदावर लिहा: पहिल्या मोठ्या पावसानंतर. त्या पावसाच्या रात्री बॅटरी घेऊन आतून प्रत्येक स्क्रूखाली पाहा, जिथे थेंब दिसेल तिथे पाइपावर खडूने फुली मारा. सकाळी मिस्त्रीला बोलवा. फुल्या दाखवा, चहा द्या, आणि तो खाली उतरल्यावरच पैसे द्या.