गुडघा सुजतो तेव्हा: तपासणी आणि उपचारांची निवड

‘वंगण संपले’ एवढे म्हणून गुडघेदुखीचा विषय मिटवला जातो. परंतु त्यामागचा ऑस्टिओआर्थ्रायटिस हा सांध्यांचा आजार म्हणजे निव्वळ झीज नव्हे. कूर्चेचे, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाचे, सुटलेले कण सांध्याच्या अस्तरातील मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळतात. ही सफाई करताना त्या चेतवल्या जातात आणि इंटरल्युकिन-१, टीएनएफ यांसारखी दाहक प्रथिने सोडतात. त्यांच्या प्रभावाने कूर्चेच्याच पेशी कोलॅजन हे कूर्चेला बळकटी देणारे प्रथिन तोडणारी विकरे (एन्झाइम) तयार करू लागतात, आणखी कण सुटतात आणि हे चक्र चालू राहते.

म्हणून प्रथम सूज तपासावी. पाय सरळ ठेवून, मांडी सैल सोडून बसावे. एका तळहाताने गुडघ्याच्या वाटीच्या वरचा, मांडीकडचा भाग पावलाच्या दिशेने दाबून धरावा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी वाटी आत दाबावी. ती तरंगत जाऊन हाडावर टेकल्याचा ठोका जाणवला, तर आत द्रव साठला आहे. द्रव थोडाच असेल तर ठोका जाणवत नाही. सकाळचा ताठरपणा घड्याळ पाहून मोजावा. या आजारात तो बहुधा अर्ध्या तासात सुटतो. तासाहून अधिक टिकत असेल आणि बोटांचे सांधेही सुजत असतील, तर आमवाताची (ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) तपासणी करून घ्यावी. सांधा लाल, गरम आणि सोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.

उपचारांत वजन आणि व्यायाम यांना मी पहिले स्थान देईन. एक किलो वजन घटले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. शिवाय चरबीतील मॅक्रोफेजही दाहक द्रव्ये सोडतात, म्हणूनच स्थूल व्यक्तींत भार न पेलणाऱ्या बोटांच्या सांध्यांतही हा आजार अधिक आढळतो. मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत. वेदनेसाठी आधी डायक्लोफेनॅकचे जेल वापरून पाहावे.

स्टेरॉइडचे इंजेक्शन सांध्यातील चेतलेल्या मॅक्रोफेज पेशींना काही आठवडे शांत करते, परंतु त्याची सवय लावू नये. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील चाचणीत १४० रुग्णांपैकी काहींना दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते दिले, तेव्हा मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनच्या तुलनेत वेदना कमी झाली नाही, कूर्चा मात्र अधिक झिजली. आमवातात गुणकारी ठरलेले, टीएनएफ रोखणारे अडालिमुमॅब हे इंजेक्शनही बोटांच्या ऑस्टिओआर्थ्रायटिसमध्ये अपयशी ठरले. तेव्हा तशा महागड्या इंजेक्शनचा आग्रह धरू नये. प्रत्येक इंजेक्शनची तारीख आणि आराम किती दिवस टिकला, हे वहीत लिहून ठेवावे आणि पुढचे घेण्यापूर्वी ती वही डॉक्टरांसमोर ठेवावी.