रिमोटची गाडी नीट वळत नाही? दोष शोधायचा कसा

रिमोटच्या गाडीचं स्टिअरिंग बिघडलं की बहुतेक जण थेट नवा सर्व्हो, म्हणजे चाकं वळवणारी छोटी मोटरपेटी, मागवतात. तो येतो, बसवला जातो, आणि गाडी पुन्हा डावीकडेच ओढते. दोष सर्व्होत नव्हताच. चाकामागे गुंडाळलेला धागा, रिमोटवर चुकून फिरलेलं बटण, सैल पडलेला एखादा स्क्रू, पुष्कळदा कारण एवढंच निघतं. म्हणून माझा आग्रह एकच: पैसे खर्च करण्याआधी दोष विजेच्या बाजूला आहे की यंत्राच्या बाजूला, हे ठरवून घ्या. त्याला एक स्क्रू ड्रायव्हर, एक पकड आणि थोडा वेळ पुरतो.

आदेश कसा प्रवास करतो ते आधी डोळ्यांपुढे आणा. रिमोटचं चाक फिरवलं की सिग्नल गाडीतल्या रिसीव्हरकडे जातो. रिसीव्हर तो सर्व्होला देतो. सर्व्होच्या दातेरी टोकावर बसवलेला हॉर्न, म्हणजे छोटा हात, फिरतो, त्याला जोडलेली दांडी पुढच्या यंत्रणेला ढकलते, तिथून दोन टाय रॉड (जोडदांड्या) निघतात आणि ते दोन्ही चाकांचे नकल, म्हणजे चाक धरून वळणारे तुकडे, वळवतात. या साखळीत मध्ये कुठे तरी सर्व्हो सेव्हर नावाचा स्प्रिंगचा भाग असतो. चाक दगडावर आपटलं तर धक्का तो झेलतो, सर्व्होचे दाते वाचतात.

तुमची गाडी कोणत्या जातीची आहे?

सोलापूरच्या गड्ड्यात, म्हणजे संक्रांतीच्या जत्रेत, किंवा खेळण्यांच्या दुकानात घेतलेली स्वस्त गाडी आणि छंदाची गाडी यांचं पोट वेगळं असतं. अगदी स्वस्त गाडीत स्टिअरिंगला दोनच अवस्था असतात, पूर्ण डावं किंवा पूर्ण उजवं. त्यात सर्व्हो नसतो, छोटी मोटर किंवा चुंबकाची कॉइल असते आणि चाकं मधोमध आणायला एक स्प्रिंग. अशी गाडी तिरकी जात असेल तर तिच्या पोटाखाली, पुढच्या चाकांच्या मध्ये, एक लहानशी खिटी असते का ते पाहा. ती थोडी सरकवली की बरेचदा काम होतं.

त्याच्या वरच्या वर्गातल्या काही खेळण्यांमध्ये सर्व्होला पाच तारा असतात. त्याची नियंत्रण-सर्किट सर्व्होत नसते, रिसीव्हरच्या पाटीवर असते. तिथे बाजारातला साधा तीन तारांचा सर्व्हो चालत नाही. खरेदीआधी तारा मोजा.

यापुढचं सगळं मुख्यतः तीन तारांच्या सर्व्होच्या गाड्यांबद्दल आहे. यांत्रिक बाजूच्या सूचना मात्र सगळ्यांनाच लागू पडतात.

आधी रिमोट

गाडी एखाद्या डब्यावर अशी ठेवा की चारही चाकं अधांतरी राहतील. आधी रिमोट चालू करा, मग गाडी. बंद करताना उलट, आधी गाडी आणि मग रिमोट. रिमोटमध्ये ताजे सेल घाला आणि गाडीची बॅटरी पूर्ण चार्ज करून घ्या. अर्ध्या चार्जवर केलेली तपासणी भलत्याच दिशेला नेते.

आता रिमोटवरची बटणं. स्टिअरिंग ट्रिम, म्हणजे चाकांची सरळ जागा थोडी इकडेतिकडे करणारं बटण, मधोमध आणा. डी/आर लिहिलेलं बटण पूर्ण मोठं करा. चाकं किती वळावीत हे त्या बटणावर ठरतं, आणि लहान मुलाच्या हातात रिमोट गेला की हमखास तेच फिरतं. गाडी वळते, पण फारच थोडी, अशी तक्रार असेल तर शंभरातल्या शंभर वेळा आधी हे पाहायचं. डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे जात असेल तर एसटी रिव्हर्सचं बटण उलटं करा. काही रिमोटवर दोन्ही टोकांची मर्यादा वेगवेगळी ठरवता येते, तिला ईपीए म्हणतात. एकाच बाजूला कमी वळत असेल तर त्या बाजूची ईपीए तपासा.

स्टिअरिंग आणि मोटर दोन्ही गप्प असतील तर प्रश्न स्टिअरिंगचा नाही. रिमोट आणि रिसीव्हरची जोडणी तुटली असेल. ती पुन्हा कशी करायची हे रिमोटच्या पुस्तिकेत दिलेलं असतं.

दांडी सोडवा: इथेच निकाल लागतो

गाडी बंद करा. हॉर्नपासून पुढे जाणारी दांडी हॉर्नवरून सोडवा. बहुतेक गाड्यांत ती गोळीवर दाबून बसवलेली प्लास्टिकची वाटी असते. पकडीने सरळ वर ओढली की सुटते, पिळू नका. हॉर्न सर्व्होवर तसाच राहू द्या, त्याची हालचाल दिसायला हवी.

आता दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहायच्या.

पहिली, गाडी चालू करून रिमोटचं चाक हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्या. हॉर्न त्याच्याबरोबर सलग फिरायला हवा, मध्येच अडायला नको, थरथरायला नको, आणि रिमोट सोडल्यावर दर वेळी त्याच जागी परत यायला हवा.

दुसरी, गाडी बंद करून पुढची चाकं हाताने डावी-उजवी करा. दांडी सुटलेली असल्यामुळे ती अगदी हलकी फिरली पाहिजेत. गाडी एका कुशीवर कलती धरली तर चाकं आपल्याच वजनाने त्या बाजूला पडायला हवीत. पडली नाहीत तर काही तरी घासतंय.

हॉर्न ठीक आणि चाकं जड, तर दोष यंत्रणेत. चाकं हलकी आणि हॉर्न वेडावाकडा, तर दोष विजेच्या बाजूला. दोन्ही ठीक असतील तर मधल्या जोडणीत किंवा मध्यबिंदू चुकीचा बसवण्यात.

चाकं जड असतील तर

सोलापुरात ही बाजू सगळ्यात आधी बघावी. इथल्या मातीत आणि हवेत दोन गोष्टी आहेत ज्या या बारीक सांध्यांच्या वैरी आहेत: सुताचे तंतू आणि काळी माती.

पूर्व भागात किंवा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीकडे यंत्रमागांच्या आसपास गाडी पळवली असेल तर पुढची चाकं काढून बघाच. चाक निघालं की एक्सल आणि नकलच्या मध्ये, बेअरिंगला टेकून, राखाडी रंगाचं एक घट्ट कडं दिसतं. पहिल्या नजरेला तो रबरी वॉशर वाटतो. चिमट्याने टोक शोधून ओढलं की कळतं, तो धाग्यांचा आणि धुळीचा मिळून झालेला वेढा आहे. सुटता सुटत नाही, लांबच लांब निघत राहतो. बेअरिंगच्या झाकणाखाली शिरला असेल तर धारदार पात्याने एका जागी कापा आणि मग ओढा. बेअरिंगच्या झाकणाला टोचू नका. हा वेढा नुसतं चाक फिरणं जड करत नाही, एकाच चाकावर असेल तर गाडी त्या बाजूला ओढतेही. होम मैदानावर गड्डा उठल्यानंतरच्या दिवसांत गाडी चालवली तर धाग्यांबरोबर पॅकिंगच्या पट्ट्या आणि सुतळीही निघते.

काळ्या मातीचा त्रास वेगळा. पावसात ओली असते तेव्हा ती चिकटते, फारसं जाणवत नाही. वाळली की नकलच्या खिळ्याभोवती आणि टाय रॉडच्या वाट्यांमध्ये दगडासारखी बसते. ती कोरडीच खरवडू नका, प्लास्टिक सोलतं. जुना टूथब्रश थोड्या पाण्यात बुडवून तेवढाच भाग ओला करा, मऊ होऊ द्या, मग घासा. रिसीव्हर आणि मोटरकडे पाणी जाऊ देऊ नका.

साफ केल्यावर तेल घालायची इच्छा होते. कृपया घालू नका. उघड्या सांध्यावर तेल पडलं की आपल्याकडची धूळ त्यात मिसळून घासणारी लेई तयार होते आणि सांधा कोरडा असताना झिजला असता त्याहून लवकर झिजतो. तेल फक्त बेअरिंगमध्ये, तेही एक थेंब.

साफ करूनही चाकं जड असतील तर नकलचा खिळा वाकलाय का, तो जास्त आवळला गेलाय का, चाकाचा नट अती घट्ट आहे का, हे क्रमाने पाहा. प्लास्टिकमध्ये जाणारे स्क्रू पूर्ण आवळून मग पाव फेरी सैल सोडले की सांधा मोकळा होतो.

चाकं हलकी, पण ढिली

उलटा प्रकारही असतो. चाक बोटांत धरून आत-बाहेर हलवलं की खडखडतं. थोडी ढिलाई प्रत्येक गाडीत असते, तिच्यामागे लागू नका. पण चाक हलवताना टाय रॉडची वाटी गोळीवरून अर्धी निसटताना दिसली तर ती वाटी बदलायची. ती स्वस्त असते. मधल्या यंत्रणेतले बुश झिजले असतील तर तेही बदला.

सर्व्हो सेव्हर याच वेळी तपासा. दांडी पुन्हा जोडा, गाडी चालू करून स्टिअरिंग सरळ ठेवा आणि एक चाक हाताने हलकेच वळवा. स्प्रिंग दबली पाहिजे आणि सोडल्यावर चाक पूर्वीच्या जागी आलं पाहिजे. परत येत नसेल, किंवा गाडी उभी असताना हॉर्न फिरतो आणि चाकं जागची हलत नाहीत, तर स्प्रिंग सैल आहे. आवळायची सोय असेल तर थोडी थोडी आवळा. पूर्ण आवळून टाकली तर पुढच्याच धडकेत सर्व्होचे दाते जातील.

हॉर्नच नीट फिरत नसेल तर

आधी प्लग. सर्व्होची तार रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलमध्ये पूर्ण बसली आहे का पाहा. काळी किंवा तपकिरी तार ऋण, लाल धन, आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी सिग्नलची. प्लग उलटा बसला तर सर्व्हो हलत नाही. तार चेसिसच्या कडेवर घासून आतून तुटलेली असू शकते, म्हणून ती बोटांनी हलवत रिमोट फिरवा. मधूनच हालचाल आली तर तार गेली. सोल्डरिंगचं हे काम मोबाईल दुरुस्तीवाला करून देतो.

मग वीज. सर्व्होला वीज बॅटरीकडून थेट मिळत नाही, स्पीड कंट्रोलरमधल्या (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीतल्या) बीईसी नावाच्या वीज पुरवणाऱ्या भागाकडून मिळते, साधारणपणे 5 किंवा 6 व्होल्ट. वेग वाढवला की स्टिअरिंग मंदावतं किंवा झटका देतं, ही बॅटरी थकल्याची किंवा बीईसी कमी पडत असल्याची खूण आहे. दुसरी चांगली बॅटरी लावून पाहा.

तरीही सुधारलं नाही तर चॅनेल बदलण्याची चाचणी करा. ही चाचणी मला सगळ्यांत विश्वासाची वाटते. मोटरच्या तारा आधी सोडवा, नाहीतर रिमोट फिरवताच गाडी सुसाट सुटेल. मग रिसीव्हरवर सर्व्होचा प्लग दुसऱ्या चॅनेलमध्ये आणि स्पीड कंट्रोलरचा पहिल्यात घाला. आता रिमोटचा ट्रिगर, म्हणजे वेगाचा खटका, दाबल्यावर सर्व्हो फिरायला हवा. ट्रिगरने छान फिरला, तर सर्व्हो शाबूत आहे आणि दोष रिमोटच्या चाकात किंवा रिसीव्हरच्या पहिल्या चॅनेलमध्ये आहे. ट्रिगरनेही तसाच अडखळला, तर दोष सर्व्होचाच.

सर्व्हो काय बोलतो त्यावरून आतलं कळतं. फिरताना करकर आवाज आणि एका ठिकाणी घसरणं म्हणजे दाते तुटले. काही सर्व्होंना दात्यांचा संच वेगळा मिळतो. मध्यावर येऊन थरथरत राहणं म्हणजे आतला पोटेन्शिओमीटर, म्हणजे हॉर्न कुठे आहे ते सांगणारा भाग, झिजला. तो दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये. जळका वास आला असेल तर मोटर किंवा सर्किट गेलं.

मध्यबिंदू बसवणं

सर्व्हो काढला, बदलला किंवा हॉर्न निघाला असेल तर ही पायरी टाळू नका. हॉर्न काढलेला असतानाच रिमोट आणि गाडी चालू करा, ट्रिम शून्यावर ठेवा. सर्व्होला 1.5 मिलिसेकंदाचा सिग्नल मिळून तो मध्यावर येऊन थांबतो. आता हॉर्न दांडीशी काटकोनात येईल असा बसवा. 25 दात्यांच्या टोकावर एक दाता म्हणजे 14.4 अंश, त्यामुळे तो अगदी अचूक काटकोनात बसेलच असं नाही. सर्वांत जवळचा दाता निवडा आणि उरलेला फरक रिमोटवरच्या सब-ट्रिमने किंवा ट्रिमने काढा. एक दाता चुकवून बसवला आणि ट्रिमनेच ओढून सरळ केला, तर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसरीकडे कमी वळते.

मग गुळगुळीत, सपाट जागेवर हळू चालवा. तिरकी जात असेल तर दोन्ही टाय रॉडची लांबी मोजा, सारखी हवी. नुसतं लोटल्यावर सरळ जाते पण वेग दिल्यावरच ओढते, तर स्टिअरिंगचा नाद सोडा आणि एखादं बेअरिंग जाम आहे का, टायर रिमवरून सुटलाय का, ते पाहा.

नवा सर्व्हो घ्यावाच लागला तर

तीन गोष्टी जुळायला हव्यात: आकार, दाते आणि ताकद. फुताबा पद्धतीचे 25 दाते असतात, हायटेकचे 24, जेआर आणि सान्वाचे 23. जुना हॉर्न वापरायचा असेल तर दाते मोजूनच घ्या. एक दाता कमी-जास्त असला तरी जोर लावल्यावर हॉर्न बसल्यासारखा वाटतो आणि पहिल्या वळणावर घसरतो. व्होल्टेजही पाहा. फक्त 6 व्होल्टपर्यंतचा सर्व्हो जास्त व्होल्टच्या बीईसीवर लावला तर जळतो. धातूच्या दात्यांचा घेणार असाल तर हॉर्नच्या स्क्रूला थ्रेडलॉकचा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) बारीक थेंब लावा. प्लास्टिकवर मात्र लावू नका, त्याने काही प्लास्टिकला तडे जातात.

बसवून झाल्यावर रिमोट दोन्ही टोकांना नेऊन सर्व्होचा आवाज ऐका. टोकाला जाऊन घूं घूं करत राहिला तर चाकं आधीच थांबली आहेत आणि तो अजून ढकलतोय. आवाज बंद होईपर्यंत ईपीए कमी करा. मग पाच-सात मिनिटं गाडी चालवून सर्व्होला हात लावा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर दांडी पुन्हा सोडवून चाकं तपासा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना ही चाचणी सकाळी लवकर करा, दुपारी उन्हात सगळंच गरम लागतं.