डब्लिनचं कस्टम हाउस पाहायचं तर आधी पलीकडच्या काठावर उभे राहा

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतून दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी आजी-आजोबा डब्लिनला निघतात. माझी मुलगी तिथेच असल्याने ‘काय काय बघायचं?’ हे मला विचारलं जातं. पाटबंधारे खात्यात उभी हयात गेली, त्यामुळे माझं उत्तर ठरलेलं असतं: लिफी नदीकाठचं कस्टम हाउस, म्हणजे जकातघर. मात्र ते कुठून आणि कसं पाहायचं, हे नीट समजून घ्या.

टॅरा स्ट्रीट स्टेशनला उतरलात की लगेच नदी ओलांडू नका. दक्षिण काठाने जॉर्जेस कीवर या. ओ’कॉनेल पुलावरून पाहिलं तर मध्ये रेल्वेचा लोखंडी पूल आडवा येतो. इथून मात्र अख्खी इमारत समोर दिसते. समुद्राची भरती इथवर चढते. जमलं तर भरतीची वेळ बघून जा, कारण ओहोटीला काठाच्या भिंती उघड्या पडतात आणि सगळा तोल बिघडतो.

आता घुमटाकडे बघा. खालचा इंग्लंडमधल्या पोर्टलंडचा दगड पांढरट आहे, घुमटाखालचा खांबांचा भाग करडा. १७९१ मध्ये पूर्ण झालेली ही इमारत २५ मे १९२१ रोजी, स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, आयरिश क्रांतिकारकांनी पेटवली. ब्रिटिशांचा स्थानिक कारभार इथून चाले, त्याची दप्तरं इथे होती. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. पाच क्रांतिकारक मारले गेले, बरेच पकडले गेले आणि दीड महिन्यात युद्धविराम झाला. डागडुजी करताना घुमटाला आयर्लंडचाच आर्डब्रॅकनचा दगड वापरला. आपला शनिवारवाडा १८२८ मध्ये जळाला आणि जोती-तटबंदीच उरली. इथे जळितानंतरचं बांधकाम दगडाच्या रंगावरून वाचता येतं.

मग टॅलबट पुलावरून पलीकडे जा आणि इमारतीला पूर्ण फेरी मारा. मान वर ठेवा. दारं-खिडक्यांच्या कमानींच्या माथ्यावर, मधल्या दगडात कोरलेले चौदा चेहरे आहेत: आयर्लंडच्या तेरा नद्या आणि एक अटलांटिक महासागर. शॅनन, बॉइन, ली, बॅरो, सगळे पुरुष. बाई एकटी लिफी. नदीला आई म्हणणाऱ्या आपल्याला हे चमत्कारिक वाटतं. एडवर्ड स्मिथ या शिल्पकाराचं हे काम इतकं जिवंत आहे की आयर्लंडच्या जुन्या नोटांवर हेच चेहरे छापले होते. छोटी दुर्बीण असेल तर न्याच. केसांत गुंतलेली पानं-फळं नुसत्या डोळ्यांनी नीट दिसत नाहीत.

माझ्यासारख्याला खरी ओढ पायाची. जागा दलदलीची, खणावं तिथे पाणी. जेम्स गँडन या वास्तुविशारदाने पाणी उपसून तळाशी लाकडी तुळयांची जाळी टाकली आणि तिच्यावर हा दगडी डोलारा उभा केला. १७८१ मध्ये काम सुरू झालं तेव्हा आधीच्या जकातघराजवळच्या व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, कारण व्यापार पूर्वेला सरकणार होता. ज्यांनी कधी नदीपात्रात पाया घेतला आहे, त्यांनी इथे दोन मिनिटं जास्त थांबावं.

आत आजही सरकारी कचेऱ्या आहेत, त्यामुळे सगळीकडे फिरता येत नाही. पाहुण्यांसाठी एक दालन आहे; वेळ आणि तिकीट हेरिटेज आयर्लंडच्या साइटवर आदल्या दिवशी बघून घ्या. जळिताची माहिती तिथे चांगली मिळते.

बाहेर आलात की पूर्वेकडे चालत जा. थोड्याच अंतरावर काठावर दुष्काळाचं स्मारक आहे: हाडांचा सापळा झालेली, बोचकी छातीशी धरून बंदराकडे निघालेली काशाची माणसं. १८४५ पासूनच्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली. तेव्हा गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणारे आयुक्त याच कस्टम हाउसमध्ये बसत. ते पाहून परत या आणि नदीकडच्या दर्शनी भागावरचं त्रिकोणी शिल्प बघा. ब्रिटानिया आणि हायबर्निया, म्हणजे इंग्लंड आणि आयर्लंड, गळ्यात गळे घालून बसल्या आहेत आणि समुद्रदेव नेपच्यून दुष्काळाला आणि निराशेला हाकलून लावतो आहे. हे शिल्प दुष्काळाच्या अर्धशतक आधीचं. १८७६ च्या दुष्काळात आपल्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली होती. ते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे शिल्प बघून संताप येईल, आणि यावाच.

परतीची लुआस ट्राम इमारतीच्या मागेच, बुसारस थांब्यावर मिळते. वाऱ्यासाठी कानटोपी बरोबर ठेवा, मे महिन्यातही.