डेबियनची कोणती आयएसओ फाइल घ्यावी?

डेबियन ही मोफत लिनक्स संगणकप्रणाली, आणि ती बसवण्यासाठी पेनड्राइव्हवर चढवायची फाइल म्हणजे आयएसओ. घरच्या ब्रॉडबँडवर जी फाइल सोयीची पडते, तीच इंदुरातील एखाद्या मराठी मंडळाच्या वाचनालयात, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चार-पाच संगणक चालवताना अडचणीची ठरते. म्हणून डाउनलोड करण्यापूर्वीच निवड करावी.

1. संगणक एकच आणि इंटरनेट भरवशाचे असेल, तर एक जीबीहून लहान असलेली ‘नेटइन्स्ट’ (बाकीचे भाग बसवताना इंटरनेटवरून घेणारी आयएसओ) पुरे.

2. संगणक अनेक असतील, तर सुमारे चार जीबीची पहिली डीव्हीडी आयएसओ एकदाच उतरवून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवावी आणि नेटवर्क मिररविषयी (इंटरनेटवरील डेबियनच्या साठ्याविषयी) विचारले असता ‘नाही’ निवडावे. चित्रमय डेस्कटॉपसह सगळे इंटरनेटविना बसते. नाव डीव्हीडी असले तरी चकतीची गरज नसते. वाचनालयासाठी मला हाच मार्ग निःसंशय योग्य वाटतो.

3. वायफाय किंवा आवाज चालेल की नाही अशी शंका असल्यास आधी ‘लाइव्ह’ (न बसवता थेट पेनड्राइव्हवरून चालणाऱ्या) आयएसओवरून संगणक सुरू करून पाहावा.

खबरदारी : फाइल चढवताना पेनड्राइव्हवरील सर्व काही पुसले जाते, आणि फाइल चढवणाऱ्या ‘डीडी’ (dd) आज्ञेत डिस्कचे नाव चुकल्यास हार्ड डिस्कही पुसली जाऊ शकते, त्यामुळे डिस्कची यादी दाखवणारी ‘एलएसबीएलके’ (lsblk) आज्ञा देऊन, जीबीतील आकारावरून पेनड्राइव्ह आधी ओळखून घ्यावा.