खाऱ्या वाऱ्यात जुनी वस्तू घेताना काय बघायचं

कोकणात जुनी वस्तू घेताना पहिला प्रश्न "किती वर्षं वापरली?" हा नसावा. "कुठे होती?" हा असावा. समुद्रापासून आत असलेल्या देवरूखात दहा वर्षं वापरलेलं लोखंडी कपाट बहुतेक वेळा धडधाकट असतं. तेच कपाट मालवणात किंवा हर्णैला समुद्रासमोर तीन पावसाळे राहिलं, तर खालून पोखरलेलं निघतं.

कारण साधं आहे. लाटांच्या तुषारांतलं मीठ वाऱ्याबरोबर येऊन वस्तूवर बसतं. हवेतली आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की हे मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि स्वतःच विरघळतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते, म्हणून पावसाचा थेंबही न लागलेल्या खोलीतलं लोखंड दिवसरात्र खाऱ्या पाण्यात भिजल्यासारखं राहतं. किनाऱ्यापासून आत जावं तसं हे मीठ झपाट्याने कमी होतं. तेव्हा धातूची कोणतीही वस्तू लांजा, देवरूख, कणकवली या बाजूला मिळत असेल, तर टेम्पोचं भाडं देऊनही तीच घ्यावी. दोन पावसांत भंगारात जाणारी वस्तू स्वस्तात घेण्यात ना पैसा वाचत ना कचरा कमी होत.

दुसरा प्रश्न पुराचा. चिपळूण आणि महाड जुलै 2021 मध्ये बुडाले, चिपळूण त्याआधी 2005 मध्येही. राजापूरच्या जवाहर चौकात तर पाणी येणं नवीन नाही. पुरात बुडालेली वस्तू धुऊन-पुसून विकायला येते आणि वरून ओळखू येत नाही. खुणा आतल्या बाजूला असतात: फ्रीजच्या मागच्या झाकणात वाळलेला बारीक गाळ, गाडीच्या सीटखाली वायरींच्या जोडांवर माती, हेडलाइटच्या काचेत आतून पाण्याची रेघ, कपाटाच्या मागच्या पत्र्यावर एका उंचीला आडवा डाग. मोटर किंवा सर्किट असलेल्या वस्तूत यातली एक खूण दिसली तरी ती सोडून द्या, मग भाव काहीही असो.

खरेदीला बरे दोन मोसम आहेत. मे महिन्यात चाकरमानी गावी येतात, घरं आवरतात आणि आगोटच्या, म्हणजे पावसाळा लागायच्या, आधी जागा मोकळी करायला बघतात. दुसरा गणपतीनंतरचा. लाकूड आणि कपाटं शक्यतो पावसाळा संपता संपता बघावीत, कारण ओल कुठे चढते आणि कीड कुठे लागली आहे ते तेव्हा लपत नाही. फ्रीज मात्र मे महिन्यातल्या भर उकाड्यात तपासावा. त्या दिवसांत जो नीट थंड करतो तो वर्षभर करतो.

फ्रीज

जायच्या आदल्या रात्री फ्रीज बंद करून दार उघडं ठेवायला सांगा. चालू फ्रीज थंड असतोच, त्यावरून काही कळत नाही. आपल्यासमोर सुरू करायला लावा आणि तासभर थांबा. कॉम्प्रेसर एका दमात सुरू झाला पाहिजे. टक्-टक् करत दोनतीनदा प्रयत्न करत असेल तर रिले (कॉम्प्रेसर सुरू करून देणारा भाग) किंवा कॉम्प्रेसर थकलेला आहे, किंवा घरात व्होल्टेज कमी आहे. विक्रेत्याकडे स्टॅबिलायझर असेल तर तो लावून पुन्हा बघा.

एका दाराच्या साध्या फ्रीजमध्ये फ्रीझरच्या पूर्ण पत्र्यावर सारखं दव धरायला हवं. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी पत्रा कोरडा असेल तर गॅस कमी आहे. इथे विक्रेता म्हणेल, "गॅस भरून देतो." ते मान्य करू नका. गॅस वापरून संपत नाही, तो गळतो. गळती बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा निघून जाणार.

गळती कुठे आहे ते आपल्या हवेत बहुतेकदा डोळ्यांनी दिसतं. फ्रीज भिंतीपासून पुढे ओढा, बॅटरी घ्या आणि मागे खाली कॉम्प्रेसरजवळ बघा. तांब्याच्या नळीच्या जोडावर हिरवट चुरा आणि त्यावर तेलकट ओल असेल तर गळती तिथेच आहे. मागची काळी लोखंडी जाळी बोटाने चाचपा. रंगाला फोड आले असतील तर त्याखाली नळी गंजते आहे. बाहेरच्या जोडाची गळती दुरुस्त होते. फ्रीजच्या भिंतीतल्या फोमच्या आत गेलेल्या नळीची दुरुस्ती फोम फोडल्याशिवाय होत नाही, ती परवडत नाही. कॉम्प्रेसरवर आर 600 ए लिहिलं असेल तर त्यातला गॅस ज्वलनशील असतो. तो पूर्ण काढल्याशिवाय जोडाला ज्योत लावणाऱ्या माणसाला फ्रीजला हात लावू देऊ नका.

दाराच्या रबरात नोट धरून दार लावा आणि ओढा. चारही बाजूंना नोट अडली पाहिजे. रबर नवीन मिळतं, पण त्याची किंमत भावातून कापून घ्या.

मग विजेचा हिशेब. स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतात ते छापलेलं असतं आणि लेबलचं वर्षही. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत, तेव्हा जुन्या लेबलचे पाच तारे आजचे पाच तारे नव्हेत. तारे सोडा, युनिट बघा. समजा जुना फ्रीज वर्षाला 380 युनिट खातो, नवा 190 आणि तुम्हाला युनिट 8 रुपयांना पडतं, तर जुना दरवर्षी 1520 रुपये जास्त घेणार. पाच वर्षं वापरायचा तर 7600 रुपये त्याच्या किमतीत धरा, मग तुलना करा. फार जुना फ्रीज या हिशेबात बसत नाही, चार-पाच वर्षांचा सहज बसतो.

नेताना उभा न्या. आडवा न्यावाच लागला तर घरी आणून रात्रभर उभा ठेवा आणि सकाळी सुरू करा, कारण आडवा असताना कॉम्प्रेसरमधलं तेल नळीत गेलेलं असतं.

जुन्या घराचं लाकूड

कोकणात जुनं घेण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते उतरवलेल्या घराचं लाकूड. सागवान, फणस, ऐन, किंजळ: पन्नास वर्षं सुकलेलं हे लाकूड आता वाकत-पिळवटत नाही, आणि वखारीतल्या नव्या ओल्या मालात हा गुण मिळत नाही.

तुळई आणि वाशांची भिंतीत गेलेली टोकं आणि खांबाचा जमिनीकडचा हातभर भाग आधी बघा. कुज आणि वाळवी तिथूनच चढते. स्क्रूड्रायव्हर टोचा. तो सहज आत गेला तर जिथे अडेल तिथपर्यंतचं लाकूड मापातून वजा. हातोडीने लांबीभर ठोकत जा, बद्द आवाज आला की आत पोकळ आहे. बारीक गोल भोकं दिसली तर घाबरू नका, ती जुनी असू शकतात. लाकूड झटकून रात्रभर काळ्या कागदावर ठेवा. सकाळी ताजं पीठ पडलेलं असेल तर किडा जिवंत आहे.

माप घनफुटात होतं: लांबी फुटांत गुणिले रुंदी इंचांत गुणिले जाडी इंचांत, भागिले 144. सात फुटांचा 5 बाय 3 इंची नग म्हणजे 105 भागिले 144, जवळपास 0.73 घनफूट. जुन्या लाकडाला कुसवाच्या, म्हणजे सांध्याच्या, खाचा असतात, त्या टाळून जी सलग लांबी मिळते तीच मोजायला लावा. गिरणीत नेण्याआधी खिळे उपटा आणि लोहचुंबक फिरवा. मोडलेला एक खिळा पातं खराब करतो आणि त्याचे पैसे तुम्हालाच द्यावे लागतात. जुन्या तेलरंगात शिसं असू शकतं, म्हणून रंग कोरडा घासू नका, ओल्या पॉलिशपेपरने काढा. टोकांना वाळवीचं औषध दोनदा द्या. काजूच्या टरफलांचं तेलही चालतं, पण हातमोजे घाला, कातडीला लागलं तर फोड येतात. लाकूड गावाबाहेर न्यायचं असेल तर गाडी भरण्याआधी वनविभागाच्या कार्यालयात विचारून घ्या.

त्याच घराची मंगलोरी कौलंही घेण्यासारखी असतात. बोटाने टिचकी मारा, खणखणीत वाजलं पाहिजे. सगळी एकाच कारखान्याची घ्या, नाव पाठीवर उठवलेलं असतं. वेगवेगळ्या कारखान्यांच्या खोबणी एकमेकांत बसत नाहीत आणि तिथूनच पाणी येतं. शंभराला दहा जादा.

लोखंड, तांबं, गाडी

लोखंडी खाट किंवा कपाट आणलं की रंगाची घाई करू नका. आधी गोड्या पाण्याने, ब्रशने घासून दोनदा धुवा, उन्हात कडकडीत वाळवा, मग गंज खरवडा, रेड ऑक्साइडचं अस्तर द्या आणि त्यावर रंग. मीठ न धुता रंग दिला तर पहिल्याच पावसात त्याखाली फोड येतात. पायांखाली लाकडाचे ठोकळे ठेवा.

तांब्याच्या बंबात पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवला की गळती कळते. पितळी पातेलं मोडीच्या वजनाने घ्या, पण आमसूल किंवा चिंच घालून त्यात काही करण्याआधी कल्हई करून घ्या.

दुचाकीची टाकी आणि सायलेन्सर खालून बघा, स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) हातोडी हलकेच ठोका. ऑइल दुधाळ दिसलं तर इंजिनात पाणी गेलं आहे. आरसी, विमा, पीयूसी आणि थकलेली ई-चलनं एमपरिवहन या सरकारी ॲपवर पडताळा. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात, कर्ज फिटलं असेल तर 35, आणि गाडी मुंबईची असून रत्नागिरीच्या एमएच 08 किंवा सिंधुदुर्गाच्या एमएच 07 मध्ये आणायची तर 28, म्हणजे ना हरकत दाखल्याचा. नुसत्या सह्या केलेल्या फॉर्मवर गाडी वर्षानुवर्षं फिरवू नका. अपघात झाला तर विक्रेताही अडकतो आणि तुम्हीही.

मोबाइल घेताना *#06# दाबून आलेला आयएमईआय क्रमांक (प्रत्येक फोनचा स्वतःचा नंबर) संचार साथी या सरकारी संकेतस्थळावर तपासा. हेल्मेट, गॅसची नळी, रेग्युलेटर, लाइफ जॅकेट आणि गादी जुनी घेऊच नका. पहिल्या चारांत आतली झीज दिसत नाही, गादीत ढेकूण दिसत नाहीत. आणि कितीही ओळखीचा माणूस असला तरी कागदावर तारीख, वस्तू, क्रमांक, रक्कम आणि दोघांच्या सह्या घ्या. विजेच्या वस्तूला "आठ दिवसांत बंद पडली तर परत घेईन" एवढं एक वाक्य त्यात लिहून घ्या. ज्याला ते लिहायला जड जातं त्याची वस्तू घेऊ नका.